बिनपट्ट्याची कार्बाईन

१

बसलिंगप्पाला गोळी लागली ती भर दुपारी, आणि तीही त्याच्या स्वतःच्या विहिरीवर. हातातला दोर सुटला, भरलेली घागर खाली पाण्यात आदळली आणि बसलिंगप्पा थारोळ्यावर, विहिरीच्या उंच दगडी चौथऱ्यावर, आडवा झाला. घरातली माणसं धावत आली तेव्हा थारोळ्याच्या पायथ्याशी शिपाई शेषेराव सोनकांबळे उभा होता. त्याच्या हातात सरकारी कार्बाईन होती आणि तिच्या नळीतून अजून धूर निघत होता.

गावाला आणखी कसला पुरावा हवा होता? संध्याकाळच्या आत सोनकांबळेच्या हातात बेड्या पडल्या.

लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून ताजा होता, आणि नव्या जिल्ह्याच्या नशिबी पहिल्याच झटक्यात दुष्काळ आला होता. उदगीरच्या पुढे कल्लूरवाडीत एकच विहीर ओली राहिली, ईश्वरप्पांची. ईश्वरप्पा म्हणजे गावातलं धान्याच्या अडतीचं जुनं घर, कट्टर शिवभक्त. त्यांची रोजची लिंगपूजा त्याच विहिरीच्या पाण्याने व्हायची. सरकारने ती विहीर ताब्यात घेतली आणि सगळ्या गावाला खुली केली. सगळ्या गावाला म्हणजे ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीलाही. पहिल्याच दिवशी डोकी फुटायची वेळ आली, म्हणून तिथे हत्यारी पहारा बसला. पहाऱ्यावर आला तो कंधारकडचा सोनकांबळे, तोही बौद्धच.

मग काय, आदल्याच दिवशी रांगेत त्याची आणि ईश्वरप्पांच्या धाकट्या मुलाची, बसलिंगप्पाची, जुंपलेली साऱ्या गावाने पाहिली होती. वस्तीतल्या बायांना वरून पाणी ओतायचं की त्यांनी स्वतः दोर ओढायचा, यावरून.

तपासाला लातूरहून इन्स्पेक्टर अण्णाराव बिराजदार निघाले. ते स्वतः लिंगायत. गळ्यात लिंग, कपाळी भस्म. कल्लूरवाडीला वाटलं, आपलाच माणूस येतोय, आता शिपायाची धडगत नाही.

२

"साहेब, केस सरळ हाय," फौजदार व्यंकटी केंद्रे जीपमधून उतरता उतरता म्हणाले. "शिपाई डोकं फिरवून बसला आन दाबला चाप."

अण्णाराव विहिरीकडे पाहत होते. दगडी थारोळं पुरुषभर उंच. वर लाकडी चाक, त्यावरून दोर. थारोळ्याच्या बाहेरच्या अंगाला, कमरेच्या उंचीवर, दिवा ठेवायला असावी तशी एक अरुंद दगडी फळी. तिच्याखाली फरशी. दहा-बारा पावलांवर लिंबाचं झाड, त्याच्या बुंध्यात एक मोठा खिळा.

केंद्रेंनी कापडात गुंडाळलेली कार्बाईन जीपच्या बॉनेटवर ठेवली. जुन्या घडणीची, आखूड, पत्र्यासारख्या लोखंडी दस्त्याची.

"ही तुम्हीच मागवली होती ना पाणी-बंदोबस्ताला?"

"हाव. आन बरूबर मागवली," केंद्रेंना हत्यारांचं बोलायला आवडायचं. "थ्री नॉट थ्री घेऊन गर्दीत माणूस वळू शकत न्हाई, साहेब. ती काठीसारखी लांब. ही बगलेत मावती. हलकी, धक्का न्हाई, नवशिक्याचाबी नेम बसतो. रायफलीची गोळी एकातून निघून मागच्या दोघांस्नी लागंल. हिची आपल्या पिस्तुलाचीच गोळी, एकात जाते आन थांबते. वरून दोन्हीला एकच दारूगोळा. ठेवायची फिकीर न्हाई."

"आणि वाईट?"

"लांबचं काम न्हाई हिचं. शेताच्या पल्याड गेला माणूस तर हाक मारावी, गोळी मारू नये."

"आणखी एक आहे," अण्णाराव म्हणाले, पण सांगितलं नाही. "मॅगझिन चढवून ठेवायचा हुकूम होता?"

"माझाच. गर्दी अंगावर आल्यावर काय खिशातून काढीत बसायचं?"

मॅगझिनमधली एकच गोळी कमी होती. रिकामी पुंगळी थारोळ्याच्या पायथ्याशी, फरशीवर सापडली होती. डॉक्टरचं म्हणणं होतं, गोळी बसलिंगप्पाच्या बरगडीखालून शिरून खांद्यापर्यंत चढत गेली. अण्णारावांनी कार्बाईनचा खटका निरखला. तो एकेका गोळीवर नव्हता, सलग फैरीवर होता.

"खटका कुणी हलवला?"

"कुणी हात लावला न्हाई. सापडली तशी गुंडाळली मी."

"केंद्रे, रागाने चाप दाबणारा माणूस सलग फैरीवर एकच गोळी कशी सोडेल? बोट उचलेपर्यंत तीन-चार जातात."

अण्णारावांनी दस्ता उलटा केला. त्याच्या टाचेवर दगडाची पांढरी खरवड होती, ताजी.

मग त्यांच्या लक्षात आलं, की या हत्याराला काहीतरी कमी आहे.

३

सोनकांबळे उदगीरच्या कोठडीत भिंतीला पाठ लावून बसला होता. तिशीच्या आतला, रुंद खांद्यांचा माणूस. त्याच्या घरात सरकारी नोकरी लागलेला तो पहिलाच.

"गोळी कुणी मारली?"

"म्या न्हाई मारली, साहेब."

"कार्बाईन कुठं होती?"

"माझ्यापाशीच. खांद्यावर."

"खांद्यावर कशाने?"

त्याला प्रश्न कळला नाही.

"पट्टा कुठाय तिचा? चामड्याचा पट्टा असतो ना? बिनपट्ट्याची कार्बाईन खांद्यावर लटकत नाही, सोनकांबळे. तू खोटं बोलून राहिलास."

सोनकांबळेचा हात आपोआप खांद्याकडे गेला. पट्टा गेल्याचं त्याला तेव्हाच कळलं, हे अण्णारावांना स्पष्ट दिसलं. म्हणजे पट्टा त्याने काढला नव्हता. हत्यार त्याच्या हातातून कुठेतरी सुटलं होतं, दुसऱ्या कुणाच्या हाती गेलं होतं, आणि तो ते लपवत होता.

"हत्यार सोडून गेलास तर नोकरी जाईल, म्हणून भितोस?"

"नोकरी जाऊ द्या."

"फाशीपर्यंत जाईल प्रकरण. कुठं गेला होतास?"

"कुठं न्हाई."

"कुणी पाहिलं तुला?"

त्यावर सोनकांबळेने डोळे मिटले आणि मान हलवली. अण्णारावांनी खूप खोटी माणसं पाहिली होती. जीव वाचवायला खोटं बोलणारा माणूस भराभर बोलतो. हा तर स्वतःच्या गळ्यात फास ओढून गप्प बसला होता. अण्णारावांना त्याचा राग आला आणि कीवही आली.

उठताना त्यांची नजर त्याच्या पँटीच्या दुमडीवर गेली. तिथे कडब्याचा बारीक भुसा अडकला होता. विहिरीवर कडबा नव्हता.

४

ईश्वरप्पांच्या दारात मोठा मुलगा मडिवाळप्पा उभा होता. घरात सुतक. बसलिंगप्पाला सकाळीच बसवून माती दिली होती.

"शरणार्थ, साहेब. तेवढा कमरंचा पट्टा हितंच खुंटीला ठेवा. चामडं आत चालत न्हाई आमच्यात. तुम्हाला काय सांगायचं, आपलेच हाव तुम्ही."

अण्णारावांनी पट्टा पिस्तुलासकट सोडला. खुंटीला अडकवण्याआधी पिस्तूल मात्र काढून खिशात घातलं. लोखंडाला कुणी हरकत घेतली नाही.

"सगळ्यात आधी तुम्ही पोचलात?"

"हाव. मी जेवून बसलो हुतो. आवाज आला, धावलो. तर हा बंदूक धरून उभा. आन साहेब, फौजदाराकडंबी तसलीच गोळी असती म्हणं. त्येनं मारून हिच्यातली एक काढून घेतली नसंल कशावरून?"

प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता. दोन्ही हत्यारांना एकच गोळी चालण्याची सोय होती तशी ही गैरसोयही होती. पण केंद्रे त्या वेळी चावडीपुढे चहा पीत बसलेले अर्ध्या गावाने पाहिले होते, आणि कार्बाईनची नळी काजळलेली होती.

"भावाशी तुमचं बरं होतं?"

मडिवाळप्पाने नजर चुकवली. "त्येला गावाचा लई पुळका. इहीर सरकारनं घेतली तवा म्हणला, बरं झालं. मी बोललो त्येला. भाऊ भावाला बोलतोच की."

आत ईश्वरप्पा पाटावर बसले होते. सत्तरी ओलांडलेला ताठ म्हातारा. डोळे कोरडे.

"अप्पा, त्या दुपारी तुम्ही विहिरीवर गेला होता?"

"पूजेची घागर न्यायला. लोक गेल्यावर बसलिंग माझ्यासाठी पाणी शेंदायचा. एक घागर मी आणली. दुसरी तो काढून राहिला हुता." म्हाताऱ्याचा आवाज पहिल्यांदा हलला. "दारात पाऊल टाकलं आन आवाज झाला."

"तेव्हा शिपाई कुठं होता?"

"दिसला न्हाई. दबा धरून बसला असंल."

"आणि बंदूक?"

म्हातारा उत्तर देणार, तेवढ्यात आतल्या दारात काहीतरी खणकन पडलं. बसलिंगप्पाची बायको शिवगंगा दाराला धरून उभी होती, आणि तिच्या पायाशी पितळेची ताटली गरगरत होती.

५

अण्णाराव परसात गेले. गोठा रिकामा होता. जनावरं महिन्यापूर्वीच छावणीत गेली होती. गव्हाणीत जुना कडबा, खाली भुसा. सोनकांबळेच्या दुमडीत होता तसाच.

गव्हाणीच्या मागे कोनाड्यात एक तांब्याचा तांब्या होता. घासून लख्ख. जिथे पाणी प्यायला एकही जनावर नाही, तिथे घरातला पूजेतला तांब्या कुणासाठी?

त्यांनी तो उचलून बाहेर आणला आणि शिवगंगेसमोर ठेवला. तिने घाईने त्याच्यावर पदर टाकला.

"साहेब, मी बोलले तर लोक काय म्हणतील ते तुम्हाला ठावं हाय."

"मला माहीत आहे, बाई."

"नवरा मातीत जाऊन दिवस न्हाई उलटला. आन मी सांगू, की परका माणूस माझ्यासमोर गोठ्यात बसला हुता?"

"तुम्ही नाही सांगितलं तर तो मरेल. आणि तो सांगत नाही, तुमच्यासाठी."

तिने पदर तोंडात कोंबला. अण्णाराव थांबले. अशा वेळी बाईला घाई करणं त्यांना कधी जमलं नाही.

"ह्यांनीच सांगितलं हुतं मला," ती अखेर म्हणाली. "मामंजींसमोर ह्ये त्या शिपायावर वरडायचे. रांगेतलं भांडण म्हंजी निसतं दाखवायचं. मागून मला म्हणायचे, दिवसभर आपल्या पाण्याची राखण करतो आन त्येला घोटभर पाणी न्हाई, ह्ये काय चांगलं? रोज दुपारी लोक गेले की तो गोठ्यात यायचा. मी पाणी, भाकर द्यायची. ह्ये विहिरीवर असायचे, कुणी आलं तर खाकरायचे. त्या दिशीबी..." ती थांबली. "तांब्या त्येच्या तोंडाला हुता, साहेब. तवाच आवाज झाला. तांब्या टाकून पळाला तो."

"बंदूक होती त्याच्याकडे?"

"न्हाई. चामड्याचा पट्टा इहिरीजवळ आन घरात नगं म्हणून मामंजींनी पहिल्या दिशी सांगितलं हुतं. तवापासनं तो बंदूक लिंबाला लटकवून यायचा."

लिंबाला लटकवून. पट्ट्याने, त्या खिळ्याला. म्हणजे पट्टा झाडापर्यंत होता. झाडापासून थारोळ्यापर्यंत दहा-बारा पावलांत तो गेला कुठे?

अण्णाराव ओसरीवर आले. खुंटीवरचा आपला पट्टा कमरेला बांधायला त्यांनी हात वर केला, आणि तो हात तसाच वर राहिला. त्यांना सगळं कळलं. कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटलं.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सगळ्यांना विहिरीवर बोलावलं. ईश्वरप्पा, मडिवाळप्पा, केंद्रे. शिवगंगा परसाच्या दारात उभी. सोनकांबळे जीपजवळ, बेडीत.

"अप्पा, काल तुमचं बोलणं अर्धं राहिलं. तुम्ही घागर न्यायला आलात तेव्हा बंदूक कुठं होती?"

"लिंबाला," म्हातारा सहज म्हणाला. "वारं सुटलं हुतं. तिच्या पट्ट्याचं सुटं टोक डोलून लिंबाखाली सावलीत ठेवलेल्या माझ्या पूजेच्या घागरीवर लोंबाय लागलं. मेल्या जनावराचं कातडं, आन देवाचं पाणी! मग म्या पळसाचं पान हातात धरून पट्टा सोडवला आन दिला कुपाटीवर टाकून."

"आणि बंदूक?"

"लोखंडाला इटाळ न्हाई. ती उचलून नीट उभी ठेवली, तिथं." त्यांनी थारोळ्याच्या अंगाच्या दगडी फळीकडे बोट दाखवलं. "सरकारी वस्तू. मातीत कशाला टाकू?"

केंद्रेंनी चटकन अण्णारावांकडे पाहिलं. हत्यारं कळणारा माणूस तो, त्याच्या ध्यानात आलं होतं.

"केंद्रे, मी म्हटलं होतं ना, कार्बाईनचं आणखी एक वाईट आहे." अण्णारावांनी खिशातून कवायतीची गोळी काढली, बिनदारूची, आणि रिकाम्या केलेल्या मॅगझिनमध्ये भरली. "रायफलीत नळीत गोळी नसली तर ती मुकी. या जुन्या घडणीच्या कार्बाईनचा बोल्ट पुढे असतो, नळी रिकामी असते, माणूस निर्धास्त होतो. पण त्या जड बोल्टला अडवायला काही नाही. दस्त्यावर आपटली की तो आपल्याच वजनाने मागे सरकतो, स्प्रिंग त्याला पुढे लोटते, आणि येताना तो मॅगझिनमधली गोळी घेऊन येतो, नळीत लोटतो आणि उडवतो."

त्यांनी कार्बाईन फळीवर उभी ठेवली, अगदी म्हाताऱ्याने दाखवली तशी. मग थारोळ्यावर चढून बसलिंगप्पासारखे दोर ओढू लागले. ओढलेला दोर वेटोळ्यांनी मागे पडत गेला, थारोळ्याच्या कडेवरून खाली लोंबला, फळीवर आला. आणखी एक हिसका. वेटोळं कार्बाईनला लागलं. ती सरकली आणि उभीच्या उभी फरशीवर दस्त्यावर आदळली.

खट्!

नळीचं तोंड वर होतं, नेमकं अण्णारावांच्या बरगडीकडे.

ते खाली उतरले. मॅगझिन काढून दाखवलं, रिकामं. बोल्ट ओढला, तशी नळीतून गोळी बाहेर पडली. चापाला कुणाचंही बोट लागलं नव्हतं. फरशीवर त्यांनी आणखी एक खूण दाखवली, आताच्या टवक्याशेजारी तसाच जुना एक टवका.

"चाप दाबलेला नव्हता, म्हणून गोळी सुटल्यावर मागे आलेला बोल्ट तिथेच अडकला आणि गोळी एकच सुटली. म्हणून ती खालून वर गेली. म्हणून पुंगळी इथे पायथ्याशी पडली. सोनकांबळे आवाज ऐकून धावत आला, पडलेलं हत्यार उचललं, आणि तेवढ्यात तुम्ही आलात. हत्यार सोडून जाण्याचा गुन्हा त्याचा आहे, मॅगझिन चढवून ठेवण्याचा हुकूम आमचा आहे. खून कुणाचाच नाही."

ईश्वरप्पा फळीकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, अगदी हळू, "म्हंजी म्या ठेवली म्हणून?"

अण्णारावांनी आयुष्यात पुष्कळांना गुन्हा सांगितला होता. ज्याचा गुन्हाच नाही त्याला सांगायची वेळ पहिल्यांदा आली.

मडिवाळप्पा पुढे झाला. अण्णारावांचा दंड धरून त्यांना बाजूला ओढत म्हणाला, "साहेब, ह्ये कागदावर नका घेऊ. तुमच्या पाया पडतो. शिपायाचं काय, चार-दोन वर्सांनी सुटंल. ह्या वयात बापाच्या कपाळी पोराचं मरण लिहू नका. तुम्ही आपले हाव."

"मडिवाळ." म्हाताऱ्याने हाक मारली. तो वळला आणि काट्यांच्या कुपाटीकडे चालू लागला.

बाभळीच्या काट्यांत पट्टा अडकला होता. उन्हाने वाकडा झालेला. ईश्वरप्पांनी या वेळी पान शोधलं नाही. उघडा हात आत घातला. काटे मनगटापर्यंत ओरबाडून गेले, तरी ओढून पट्टा बाहेर काढला आणि तो तसाच हातात घेऊन जीपजवळ आले.

"तुझा पट्टा," ते सोनकांबळेला म्हणाले. "साहेब, म्या ठेवली असं लिवा. नाव पुरं लिवा."

अण्णारावांनी खूण केली. केंद्रेंनी खाली मान घालून बेडी काढली.

शिवगंगा तांब्या घेऊन सासऱ्याचा हात धुवायला धावली. चामड्याला लागलेला हात, वरून रक्ताळलेला. ईश्वरप्पांनी हात मागे घेतला. तांब्याकडे पाहिलं, आणि तो तांब्या रोज दुपारी कुठे जात होता, आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे त्यांना आत्ता कळलं असावं. कारण इतका वेळ कोरडे राहिलेले त्यांचे डोळे भरून आले.

"बसलिंग असता तर त्येनं आधी ह्या शिपायाला दिलं असतं," ते म्हणाले. "दे. हितंच दे, सगळ्यांम्होरं."

सोनकांबळेने तांब्या दोन्ही हातांनी धरला, तोंडाला लावला. तो रडत होता.